जगात वावरण्याचा हक्क

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वडिलार्जित मालमत्तेच्या वाटणीचा विचार आला आहे. त्यात जन्मांध, बधिर, मूक, उन्मत्त, जड इत्यादिकांना दायभागातून वगळले आहे. परंतु लगेच पुढे असेही बजावले आहे की, अशा सर्वांना आमरण अन्नवस्त्र मिळालेच पाहिजे आणि जो ते देणार नाही तो पतित समजावा. नियमकर्त्याला दया नव्हती असे कोणी म्हणू शकणार नाही. दया होती, उणीव होती ती निराळ्याच गोष्टीची. आंधळ्याच्या पोटाची चिंता वाहणाऱ्या त्या नियमाला त्याच्या हाताचा, बुद्धीचा आणि पुरुषार्थाचा विचार शिवलेला नव्हता. महाभारतातला धृतराष्ट्र थोरला असूनही केवळ नेत्रहीन म्हणून प्रथम राज्याला मुकला, आणि त्या एका डावलण्यातून पुढे केवढा अनर्थ उद्भवला हे आबालवृद्धांना ठाऊक आहे. अन्नवस्त्र द्यावे, वाटा देऊ नये. हे सूत्र केवळ भरतखंडाचे नव्हे. इंग्लंडात एलिझाबेथ राणीच्या अमदानीत, १६०१ साली, जो दरिद्र्यांच्या पोषणाचा कायदा झाला, त्याच्याही मुळाशी हीच वृत्ती होती. आणि इंग्रजी कायद्याचा वारसा सांगणाऱ्या अमेरिकेत ती विसाव्या शतकापर्यंत सुखाने नांदत होती. या सूत्राला कायद्याच्याच भाषेत आव्हान देण्याचे काम ज्या विद्वानाने आयुष्यभर केले, त्या प्राध्यापक जेकोबस टेनब्रुक यांचे चरित्र म्हणूनच अभ्यासण्याजोगे आहे.

टेनब्रुक यांचा जन्म ६ जुलै १९११ रोजी कॅनडातील आल्बर्टा प्रांतात, डच वंशाच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. सात वर्षांचे असताना सवंगड्याबरोबर धनुष्यबाणाचा खेळ चालला होता. त्यात एक बाण लागून त्यांचा एक डोळा गेला. दुसऱ्या डोळ्याची दृष्टीही हळूहळू मावळत जाऊन चौदाव्या वर्षी ते पूर्णपणे अंध झाले. मुलाला शिक्षण मिळावे म्हणून आईबापांनी कॅलिफोर्निया संस्थानात स्थलांतर केले आणि बर्कले गावच्या अंधशाळेत त्याला घातले.

तेथे त्यांना न्यूएल पेरी हे गुरू लाभले. पेरी स्वतः अंध होते. जर्मनीतील म्युनिक विद्यापीठाची गणितातील डॉक्टर ही पदवी त्यांनी १९०१ साली संपादन केली होती. पण अंध गृहस्थाला प्राध्यापकाची जागा द्यावयास कोणतेही विद्यापीठ पुढे येईना. अखेर ज्या अंधशाळेत ते शिकले होते तिथेच ते शिक्षक झाले. एवढ्या विद्वत्तेचा पुरुष जगाने नाकारला, तो खचून गेला असता तरी त्याला कोणी दोष दिला नसता. पेरींनी मात्र आपल्या विद्यार्थ्यांना दोन गोष्टी शिकवल्या : एक, विद्यापीठात जाऊन डोळसांच्या बरोबरीने शिका, आणि दुसरी, एकेकट्याने दार ठोठावून ते उघडत नाही, तेव्हा एकत्र या. टेनब्रुक यांचे पुढील सारे आयुष्य म्हणजे या दोन धड्यांचेच भाष्य होय.

कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी इतिहास हा विषय घेऊन १९३४ साली पदवी मिळविली. पुढल्याच वर्षी राज्यशास्त्राची एम. ए., १९३८ साली कायद्याची पदवी आणि १९४० साली कायद्यातील डॉक्टर ही पदवी अशी एकामागून एक शिखरे त्यांनी गाठली. १९३७ साली त्यांचा विवाह झाला होता. पत्नी हेझेल यांची साथ त्यांना अखेरपर्यंत लाभली. शिकागो विद्यापीठाच्या विधिशाळेत काही काळ अध्यापन केल्यावर १९४२ साली ते बर्कलेच्या विद्यापीठात रुजू झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. गमतीची गोष्ट अशी की, त्यांची नेमणूक विधिशाळेत झाली नाही. वक्तृत्व विभागात ते शिकवीत, पुढे त्याचे प्रमुख झाले आणि १९६३ पासून राज्यशास्त्र विभागात गेले. तथापि कोणत्याही विभागाच्या पाटीखाली बसले तरी त्यांचा विषय एकच राहिला : राज्यघटना आणि तिने दिलेली समता.

ते ज्या वर्षी डॉक्टर झाले, त्याच १९४० सालच्या नोव्हेंबरात पेनसिल्वेनिया संस्थानातील विल्क्स-बॅरी या गावी सात संस्थानांतून आलेली अवघी सोळा माणसे जमली आणि त्यांनी 'नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड' ही संस्था स्थापन केली. अध्यक्षपद एकोणतीस वर्षांच्या टेनब्रुक यांच्याकडे आले. या नावातील मर्म मराठीत फार चांगले सांगता येते. तोपर्यंत ज्या संस्था होत्या त्या आंधळ्यांसाठी होत्या. ही संस्था आंधळ्यांची होती. चतुर्थी आणि षष्ठी यांत व्याकरणाच्या दृष्टीने अंतर थोडे. पण पहिलीत आंधळा घेणारा असतो, दुसरीत तो धनी असतो. एवढ्याशा फरकावर पुढे कित्येक वर्षे झुंज झाली.

संस्थेच्या स्थापनेला तात्कालिक कारणही तसेच होते. १९३५ सालच्या सामाजिक सुरक्षेच्या कायद्याने अंधांना सरकारी मदत मिळू लागली होती. १९३९ साली त्यात अशी दुरुस्ती झाली की, मदत ठरविताना अर्जदाराचे हरएक उत्पन्न हिशेबात धरले जावे. याचा अर्थ काय झाला? एखाद्या अंधाने खुर्च्या विणून वा पियानोचे सूर जुळवून चार डॉलर मिळविले, की सरकारी मदत चार डॉलरांनी कमी व्हावी. म्हणजे त्याने बसून राहिले काय आणि राबले काय, पदरात पडणारी रक्कम तीच! असा कायदा आळशी माणसे उत्पन्न करतो आणि मागाहून त्यांच्या आळसाकडे बोट दाखवून आपल्या दयेचे समर्थन करतो. टेनब्रुक आणि त्यांचे सहकारी दहा वर्षे या एका कलमाशी झगडले. तेव्हा कुठे १९५० सालच्या दुरुस्तीने अंधाची महिना पन्नास डॉलरपर्यंतची कमाई हिशेबातून वगळण्यात आली. रक्कम मोठी नव्हती, पण तत्त्व मोठे होते. श्रम करण्याची इच्छा ही मदत तोडण्याची सबब होऊ नये, हे त्या दुरुस्तीने मान्य झाले.

जुन्या संस्थांना व सरकारी खात्यांतील अधिकाऱ्यांना हा नवा पंथ रुचला नाही. ज्यांचे आपण पालक, तेच आपल्याशी वाद घालू लागले, हे पालकाला नेहमीच कृतघ्नपणाचे वाटते. गोष्ट इतक्या थराला गेली की, अंधांना आपली संघटना करण्याचा व तिच्या द्वारे मत मांडण्याचा अधिकार आहे हे कायद्यानेच सांगावे, अशी मागणी करावी लागली. १९५७ साली तसे विधेयक सेनेटात मांडणारे तरुण सभासद होते जॉन केनेडी. तेच पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. विधेयक संमत झाले नाही. परंतु १९५९ साली त्यावर ज्या साक्षी झाल्या, त्यांमुळे अंधांची बाजू विधिमंडळाच्या दप्तरात अंधांच्या तोंडून नोंदली गेली.

चळवळ एका हाताने चालविताना दुसऱ्या हाताने टेनब्रुक ग्रंथलेखन करीत होते, आणि ते काही केवळ अंधांविषयी नव्हते. अमेरिकेच्या घटनेतील चौदाव्या दुरुस्तीने 'कायद्याचे समान संरक्षण' हा शब्दप्रयोग आणला. त्याचे मूळ गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीत कसे आहे, हे त्यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात साधार दाखविले. याच प्रश्नावर त्यांच्याही आधी संशोधन करणारे हॉवर्ड जे ग्रॅहम हे लॉस एंजलिस येथील कायदेविषयक ग्रंथालयात काम करीत आणि ते पूर्णपणे बहिरे होते. निग्रो मुलांना वेगळ्या शाळांत बसविणे घटनाबाह्य आहे असा जो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला, त्या खटल्यात फिर्यादी पक्षाच्या वकिलांनी या दोघांच्याही संशोधनाचा आधार घेतला होता. एक आंधळा आणि एक बहिरा अशा दोन अभ्यासकांनी तिसऱ्याच्या समतेसाठी इतिहासाची साक्ष काढावी, ही घटना त्या शतकाच्या इतिहासात मानाने नोंदण्यासारखी आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील एक लाख दहा हजारांहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना, त्यांत बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक असताना, घरदार सोडायला लावून छावण्यांत डांबण्यात आले होते. टेनब्रुक यांनी दोन सहकाऱ्यांसह १९५४ साली त्या अन्यायाची चिकित्सा करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याला तेथील राज्यशास्त्र परिषदेचे पारितोषिक मिळाले. या ग्रंथांचा अंधांच्या प्रश्नाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध अगदी निकटचा आहे. एखाद्या मनुष्याचे गुणदोष न पाहता, तो अमुक वर्गातला म्हणून त्याला सरसकट बाजूला काढणे, हा दोष तिन्ही ठिकाणी एकच. निग्रोला वर्णावरून, जपानी माणसाला वंशावरून, अंधाला डोळ्यांवरून.

१९५० साली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी त्यांना संस्थानाच्या समाजकल्याण मंडळावर नेमले. तेथे ते तेरा वर्षे होते. शेवटची तीन वर्षे अध्यक्ष होते. दारिद्र्य आणि कायदा यांचा जो जवळून परिचय या काळात झाला, त्यातून त्यांनी १९६४-६५ साली एक प्रदीर्घ प्रबंध लिहिला. एकाच संस्थानात कुटुंबविषयक कायदे दोन आहेत, एक सुस्थितांचा आणि एक मदतीवर जगणाऱ्या गरिबांचा, हे त्यात त्यांनी १६०१ सालापासूनचा धागा पकडून सिद्ध केले. पहिला कायदा माणसांच्या नात्यांचा विचार करतो. दुसरा खजिन्यातला पैसा कसा वाचेल याचा.

परंतु ज्या लेखामुळे त्यांचे नाव चिरस्मरणीय झाले, तो १९६६ साली 'कॅलिफोर्निया लॉ रिव्ह्यू' या नियतकालिकात आला. त्याच्या मथळ्याचा आशय 'जगात वावरण्याचा हक्क' असा होता. विषय दिसायला रुक्ष, म्हणजे निष्काळजीपणामुळे होणाऱ्या इजेच्या नुकसानभरपाईचा कायदा. पण त्यात काय साठले आहे हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

लंडन शहरात १९५६ सालच्या ऑक्टोबर महिन्यात एक अंध गृहस्थ पांढरी काठी टेकीत सकाळी कामावर निघाले होते. वीजमंडळाच्या मजुरांनी पदपथावर चर खणला होता आणि सूचना म्हणून लांब दांड्याचा एक हातोडा तिरपा आडवा टाकला होता. डोळसाला तो लांबूनच दिसावा. पण काठी त्याच्या खालून निघून गेली, गृहस्थ अडखळून पडले आणि त्या आघाताने त्यांची श्रवणशक्तीही गेली. खालच्या दोन्ही न्यायालयांनी दावा फेटाळला. मजुरांनी सामान्य माणसासाठी पुरेशी काळजी घेतली होती, तेव्हा मंडळाचा दोष नाही, असा त्यांचा युक्तिवाद. १९६४ साली लॉर्डांच्या सभेने हा निर्णय फिरविला. त्या एका वुलिच भागात २५८ अंध व्यक्तींची नोंद होती. तेव्हा त्यांच्यापैकी कोणी रस्त्याने येईल हे ध्यानात घेणे मंडळाचे कर्तव्य होते, आणि टपालखाते वापरीत असे तसले दोन फूट उंचीचे हलके कठडे लावले असते तरी काम भागले असते, असा त्या निर्णयाचा आशय होता.

टेनब्रुक यांच्या विवेचनाचा गाभा हाच आहे. कायदा नेहमी 'समंजस मनुष्य' नावाच्या एका कल्पित व्यक्तीच्या मापाने वर्तन मोजतो. पण हा समंजस मनुष्य नेहमी डोळस, कान शाबूत असलेला व दोन्ही पायांवर चालणारा असावा, असे कोणी ठरविले? अंधाला रस्त्यावर येण्याचा हक्क आहे असे न्यायालये तोंडाने म्हणत; मात्र तो खड्ड्यात पडला की, सोबतीवाचून बाहेर पडलाच कशाला, काठी का नव्हती, असे विचारून त्याच्याच माथी निष्काळजीपणा मारीत. हा हक्क देऊन त्याचा उपभोग दंडनीय करण्याचा प्रकार झाला. त्यांनी दाखवून दिले की, एकीकडे सरकार पुनर्वसनासाठी, शिक्षणासाठी, नोकरी मिळवून देण्यासाठी पैसा खर्च करून अंध व अपंग यांना समाजात आणू पाहते, आणि दुसरीकडे नुकसानभरपाईचा जुना कायदा त्यांना घरी बसा म्हणून सांगतो. राज्याचे धोरण जर त्यांना सामावून घेण्याचे असेल, तर ते धोरण न्यायालयाच्या मापातही उतरले पाहिजे. अपंगाच्या वाटेत त्याच्या व्यंगाहून अधिक अडथळे लोकांच्या समजुतीने उभे केलेले असतात, हा त्यांचा सिद्धांत होता.

नुसती टीका करून ते थांबले नाहीत. पांढऱ्या काठीविषयीच्या आदर्श कायद्याचा मसुदाच त्यांनी तयार केला. रस्ते, वाहने, उपाहारगृहे, सार्वजनिक इमारती यांचा उपयोग अंध व अपंग यांना इतरांइतकाच मोकळा असावा. पांढरी काठी दिसताच मोटार हाकणाऱ्याने विशेष दक्षता घ्यावी. पण काठी हाती नव्हती एवढ्यावरून मात्र अंधाला निष्काळजी ठरवू नये, ही त्याची मुख्य कलमे होत. पुढे अनेक संस्थानांनी या धर्तीवर कायदे केले.

या चरित्राला दुसरी बाजूही आहे, आणि इतिहास सांगणाऱ्याने ती झाकू नये. स्वातंत्र्य मागणाऱ्या संघटनेला आपल्या घरात मतभेद पचविणे जड गेले. १९५८ पासून संस्थेत सत्ता कोणाच्या हाती असावी यावरून तट पडले; १९६१ साली टेनब्रुक यांनी अध्यक्षपद सोडले आणि त्याच वर्षी फुटून निघालेल्यांनी दुसरी संस्था काढली. १९६४ साली अंधांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन करण्यात त्यांनी पुढाकार घेतला, १९६६ साली ते पुन्हा राष्ट्रीय संस्थेचे अध्यक्ष झाले आणि २७ मार्च १९६८ रोजी, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. पुढल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने, संस्थानात नव्याने आलेल्या गरिबाला वर्षभर मदत नाकारण्याचा नियम रद्द केला. गरिबांनाही देशात मुक्त संचार असावा, हा विचार टेनब्रुक यांनी १९५५ सालीच मांडून ठेवला होता.

त्यांच्या युक्तिवादाला एक मर्यादा होती. अंध मनुष्य दृष्टीखेरीज इतरांसारखाच समर्थ आहे, या पायावर त्यांची इमारत उभी होती. मग ज्याच्या विचारशक्तीविषयीच जगाला शंका आहे, त्या मनोरुग्णाचे काय? त्याला कोंडून ठेवणे हेच त्याचे हित, असे समजण्याचा प्रघात सर्वत्र होता. हा प्रश्न पुढल्या पिढीने हाती घेतला. कोणाला धोका नसलेल्या व स्वतःचा निर्वाह करू शकणाऱ्या माणसाला केवळ मानसिक आजाराच्या नावाखाली डांबून ठेवता येणार नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली दिला. त्या खटल्यातील वादी जवळजवळ पंधरा वर्षे इस्पितळात अडकून पडला होता. १९९० साली तेथे अपंगांच्या हक्कांचा व्यापक कायदा झाला. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी मान्य केलेल्या करारनाम्यात याच्याही पुढचे पाऊल पडले. शरीर वा मन कसेही असो, कायद्यापुढे प्रत्येकाची व्यक्ती म्हणून गणना समानच व्हावी आणि निर्णय घेण्यास ज्याला साह्य लागेल त्याला ते द्यावे, पण त्याचा निर्णयच काढून घेऊ नये, असे त्यातील बारावे कलम सांगते.

भारताने या करारनाम्याला २००७ साली मान्यता दिली. आपल्याकडील वाटचालही लक्षात घेण्याजोगी आहे. मिताक्षरेप्रमाणे चालणाऱ्या हिंदूंतील अंध, बधिर इत्यादिकांवरची वारसाची बंदी १९२८ सालच्या कायद्याने उठली. तरी जन्मजात वेड्याला व जडबुद्धीला त्याने वगळलेलेच ठेवले. तो शेवटचा अडसर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने निघाला. कोणताही गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदा आहे, असा निर्णय पत्रकार शीला बारसे यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली दिला. २०१६ साली अपंगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला, आणि २०१७ सालच्या मानसिक आरोग्यसेवेच्या कायद्याने तर स्पष्टच म्हटले की, मनोरुग्णाला समाजात राहण्याचा हक्क आहे. घरचे नेत नाहीत किंवा घरच नाही एवढ्या कारणावरून त्याला इस्पितळात ठेवून घेता येणार नाही. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांच्या भिंतींकडे या कलमाच्या दृष्टीने पाहिले म्हणजे, छापील कायदा आणि प्रत्यक्ष आचरण यांत किती मजल गाठावयाची आहे ते कळून येते. भिंत पाडता येते; पण बऱ्या झालेल्या माणसासाठी घराचे दार उघडणे कायद्याच्या हाती नसते.

मध्य प्रदेशात अंधांना न्यायाधीशाच्या जागेसाठी अपात्र ठरविणारा नियम होता. एका अंध उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले; त्या पत्रालाच अर्ज मानून सुनावणी झाली आणि ३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी बांधणाऱ्या जगाला अंध न्यायाधीश चालत नव्हता, हा विरोध ध्यानात यावयास इतका काळ लागला.

अन्नवस्त्र देणे सोपे असते. त्यासाठी शिल्लक असावी लागते. वाटा देणे कठीण, कारण त्यासाठी स्वतःच्या जागेवरून थोडे सरकावे लागते. रस्त्यावरचा चर नीट कठडा लावून झाकणे, कचेरीच्या पायरीशेजारी उतरण बांधणे, आजारातून उठलेल्या नातलगाला पुन्हा घरच्या पंक्तीत बसविणे, ही सारी त्या सरकण्याचीच रूपे आहेत. प्राध्यापक टेनब्रुक यांनी जगाकडे दया मागितली नाही, जागा मागितली. आणि ती मागताना कायद्याचे पुस्तक उघडून, ही जागा मुळात तुम्हीच देऊ केली होती, हे त्यांनी दाखवून दिले.